वयाचा आकडा आणि न सांगितलेली कात्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस जपानी ॲनिमेवरून, म्हणजे तिथल्या रेखाटलेल्या चित्रपट-मालिकांवरून, जो वाद चालू आहे, तो मी लक्षपूर्वक वाचत आहे. 'कार्टूनच्या नावाखाली मुलांना रक्तपात दाखवला जातो, तेव्हा या साऱ्यावर कडक सेन्सॉर हवा', असे एका पत्रलेखकाने लिहिले. त्यांना उत्तर देणाऱ्या दुसऱ्या वाचकाने सेन्सॉर म्हणजे कलेची गळचेपी असे बजावताना वयाच्या मानांकनालाही त्याच गाठोड्यात बांधून टाकले. दोघांचीही कळकळ खरी आहे, परंतु दोघांनीही दोन निराळ्या गोष्टींची गल्लत केली आहे आणि ही गल्लत केवळ शब्दांची नाही. मानांकन प्रेक्षकाला काहीतरी सांगते. काटछाट त्याच्यापुढून काहीतरी काढून घेते आणि बहुतेक वेळा काढून घेतल्याचे सांगतही नाही. माझे म्हणणे मुख्यतः या न सांगण्याबद्दल आहे. मी व्यवसायाने भाषांतरकार असून जपानी संवादांची उपशीर्षके तपासण्याचे काम काही वर्षे केले आहे, त्यामुळे ही कात्री नेमकी कुठे आणि कशी चालते हे थोडेफार जवळून पाहिले आहे.

आधी मानांकनाबद्दल. 'डेमन स्लेअर' या मालिकेतला 'मुगेन ट्रेन' हा चित्रपट १६ ऑक्टोबर २०२० रोजी जपानमध्ये प्रदर्शित झाला आणि त्याने तिथल्या तिकीटबारीवरील सर्वाधिक कमाईचा तोवरचा विक्रम मोडला. जपानमध्ये त्याला 'पीजी१२' हे मानांकन होते, म्हणजे बारा वर्षांखालील मुलांना पालकांनी मार्गदर्शन करावे एवढीच सूचना. साहजिकच प्राथमिक शाळेतली मुले आईवडिलांचा हात धरून हा चित्रपट पाहून आली. हाच चित्रपट अमेरिकेत गेला तेव्हा त्याला 'आर' मिळाले आणि ब्रिटनमध्ये '१५'. चित्रपट एकच, राक्षसाचे मुंडके उडण्याचे दृश्यही तेच, पण तीन देशांत तीन निकाल. आता यातली गंमत पाहा. 'आर' हे अक्षर कानाला सर्वांत कडक वाटते, परंतु त्या नियमानुसार सतरा वर्षांखालील मूल पालकाबरोबर किंवा सांभाळणाऱ्या प्रौढ व्यक्तीबरोबर चित्रपटगृहात जाऊ शकते. ब्रिटनमधल्या '१५' ला मात्र अशी पळवाट नाही, चौदा वर्षांच्या मुलाला आईवडील दोघेही सोबत असले तरी दारातूनच परत जावे लागते. म्हणजे एका ठिकाणी आकडा हा सल्ला असतो, दुसऱ्या ठिकाणी ती अट असते, तिसऱ्या ठिकाणी मनाई. वृत्तपत्रांत आणि घराघरांतल्या चर्चेत आपण हे सारे 'अमुक वर्षांवरील' या एकाच शब्दप्रयोगात कोंबतो, तेव्हा अर्थाचा निम्मा भाग तिथेच गळून पडतो.

हे आकडे देणाऱ्या संस्थाही एका जातीच्या नाहीत. जपानमधील 'एइरिन' ही संस्था १९४९ मध्ये चित्रपटव्यवसायाने स्वतःच उभी केली. बेफाम तरुणाईचे चित्रण करणाऱ्या चित्रपटांवरून १९५६ साली लोकांत टीकेची झोड उठली, तेव्हा निर्मात्यांच्या घरचेच परीक्षक कसे चालतील, या प्रश्नापायी तिची स्वतंत्र पुनर्रचना करावी लागली. जी (सर्वांसाठी), पीजी१२, आर१५+ (पंधरा वर्षांखालील मुलांना मनाई) आणि आर१८+ (अठरा वर्षांखालील मुलांना मनाई) ही तिची आजची चार पायऱ्यांची रचना २००९ पासूनची आहे. अमेरिकेतील चित्रपटांचे मानांकन १९६८ पासून व्यवसायाच्या संघटनेकडे आहे आणि ते स्वीकारण्याची कायद्याने सक्ती नाही. ब्रिटनमध्ये मात्र घरी पाहण्याच्या चित्रफितींना १९८४ च्या कायद्याने वर्गीकरण बंधनकारक झाले. भारतात केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवताच येत नाही, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' या ढोबळ गटाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले. जपानच्या राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात सेन्सॉरशिप केली जाणार नाही असे स्वच्छ शब्दांत लिहिलेले आहे आणि त्याच देशाच्या दंडसंहितेचे १७५ वे कलम अश्लील साहित्याच्या वितरणाला गुन्हा ठरवते. प्रौढांसाठीच्या चित्रणात जी चौकटीचौकटींची धूसर पट्टी दिसते ती या दोन वाक्यांमधल्या फटीतून आलेली आहे. तेव्हा 'जपानमध्ये काहीही चालते' हे पहिल्या पत्रलेखकाचे गृहीतकही वस्तुस्थितीला धरून नाही.

त्यांचे दुसरे गृहीतक मात्र अधिक खोलवर रुजलेले आहे, ते म्हणजे रेखाटलेले ते मुलांचे. या समजापायीच ॲनिमेच्या मानांकनात सर्वांत जास्त घोटाळे होतात. १९८८ च्या एप्रिलमध्ये ॲनिमेपट काढणाऱ्या जपानमधील घिब्ली स्टुडिओने दोन चित्रपट एकाच तिकिटावर जोडून प्रदर्शित केले. एक होता 'माय नेबर टोटोरो', ज्यात भीतीची जवळजवळ एकही घटना नाही, आणि दुसरा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', ज्यात युद्धकाळात अनाथ झालेली भावंडे उपासमारीने मरतात. दुसऱ्या चित्रपटात शिव्या नाहीत आणि लैंगिक दृश्यही नाही, तरीही तो पाहून सुन्न झालेल्या मुलाला जवळ घेऊन बसावे लागते. असे दुःख मोजायला कोणत्याही मंडळाकडे फूटपट्टी नाही. तिथे आकड्यापेक्षा 'या चित्रपटात लहान मुलांचा मृत्यू आहे' हे एक साधे वाक्य अधिक कामाचे ठरते.

'शोनेन' या शब्दाने तर भल्याभल्या पालकांची फसगत केली आहे. शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलगा. ज्या साप्ताहिकांतून आणि मासिकांतून मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, क्रमशः छापले जातात, त्यांच्या अपेक्षित वाचकवर्गाचे ते नाव आहे. दुकानात कोणत्या फळीवर अंक ठेवायचा हे त्यावरून ठरते, आतला मजकूर कुणी तपासला आहे असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. माणसे गिळणाऱ्या महाकाय देहांची 'अटॅक ऑन टायटन' ही कथा शोनेन मासिकातलीच आणि 'चेनसॉ मॅन' या रक्तरंजित कथेचा पहिला खंडही शोनेन साप्ताहिकातलाच. उलट बाजूने पाहायचे तर 'शिनचॅन' ची मूळ चित्रकथा १९९० मध्ये प्रौढ पुरुषांसाठीच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. तिची दूरचित्रवाणी मालिका झाली, ती घरोघरी मुलांनी डोक्यावर घेतली आणि मग मोठ्यांसाठी लिहिलेला चावटपणा पाच वर्षांच्या पात्राच्या तोंडून ऐकून पालक हादरले. भारतात २००८ मध्ये तिचे प्रसारण थांबवले गेले आणि नंतर ती काटछाट होऊन परतली. मूळ चूक वयोगट ओळखण्यातली होती, इलाज मात्र कात्रीने झाला.

चित्रातले गोंडस चेहरे तर परीक्षकांनाही चकवतात. 'मेड इन अबिस' या मालिकेतील पात्रे दिसायला बालपुस्तकातल्यासारखी गोबऱ्या गालांची आहेत आणि त्यांच्या वाट्याला येणाऱ्या शारीरिक यातना मात्र मोठ्यांनाही सोसवणार नाहीत अशा. जानेवारी २०२० मध्ये तिचा चित्रपट येणार होता. त्याला आधी पीजी१२ जाहीर झाले होते, पण प्रदर्शन अगदी तोंडावर आले असताना ते बदलून आर१५+ करण्यात आले. आगाऊ तिकिटे घेतलेल्या लहान प्रेक्षकांची यात निराशा झाली असणार, हे उघड आहे. तरीही माझ्या मते हे योग्य झाले, कारण दृश्ये न कापता आकडा वाढवला गेला आणि तो बदल जाहीर झाला.

दूरचित्रवाणीकडे वळले की चित्र पालटते. १९९५-९६ मध्ये 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन' ही मालिका जपानमध्ये संध्याकाळी, मुलांच्या वेळेत दाखवली गेली. पुढे तिचे रात्री उशिरा पुनःप्रसारण झाले, त्यालाही मोठा प्रेक्षक लाभला आणि मध्यरात्रीनंतर ॲनिमे दाखवण्याची प्रथा रुजली. तेव्हापासून प्रसारणाची वेळ हेच एक अलिखित मानांकन होऊन बसले आहे. पण मध्यरात्रही पुरेशी ठरत नाही, म्हणून पडद्यावर कुठूनशी पांढऱ्या प्रकाशाची तिरीप येते, स्नानगृहात अचानक दाट वाफ पसरते, जखमेवर काळा डाग फिरू लागतो. २०१४ च्या 'टोकियो घोल' मध्ये रंगच उलटे केलेले होते आणि त्याच वर्षीच्या 'टेरा फॉर्मार्स' मध्ये काळे गोळे इतके मोठे होते, की कोण कुणाला मारतो आहे हेच कळेनासे झाले. माझा भाचा ही मालिका पाहत असताना मला विचारत होता, की टीव्ही बिघडला आहे का! पुढे ब्लू-रे डिस्क निघते, तिच्यावरून वाफ विरते, प्रकाश मावळतो आणि न झाकलेली आवृत्ती हाच विक्रीचा मुद्दा होतो. जे झाकले ते कुणाच्या रक्षणासाठी आणि जे उघडले ते कुणाच्या फायद्यासाठी, असा प्रश्न इथे पडल्यावाचून राहत नाही. झाकणे हेच जाहिरातीचे साधन झाले, की त्याला बालसंरक्षण म्हणणे हा भाबडेपणा ठरतो.

याच दूरचित्रवाणीने एक नियम मात्र अत्यंत नेमकेपणाने केला आणि तो मला साऱ्या सेन्सॉर मंडळांनी अभ्यासावा असा वाटतो. १६ डिसेंबर १९९७ रोजी 'पोकेमॉन' च्या एका भागात लाल आणि निळ्या रंगांची अतिवेगाने उघडझाप झाली आणि तो पाहताना शेकडो मुलांना चक्कर, उलट्या, झटके असा त्रास झाला. सुमारे ६८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मालिका चार महिने बंद राहिली आणि तो भाग त्यानंतर कुठल्याही देशात प्रसारित झालेला नाही. एप्रिल १९९८ मध्ये जपानमधील सार्वजनिक व खासगी प्रसारकांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. उघडझाप शक्यतो सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा नसावी आणि गडद लाल रंगाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी, हे त्यांतले मुख्य कलम. 'खोलीत पुरेसा उजेड ठेवा आणि पडद्यापासून लांब बसा' ही सूचना मुलांच्या ॲनिमेच्या आरंभी येते, तिचा जन्म तिथला. या नियमात काय नाही ते पाहा. त्यात 'अनिष्ट', 'अयोग्य', 'समाजाच्या भावना' असला एकही फुगीर शब्द नाही. अपाय कोणता, तो कशामुळे होतो, मर्यादा किती, हे मोजून सांगितलेले आहे आणि ते जसे दिग्दर्शकाला आधी कळते तसे प्रेक्षकालाही कळते. हिंसा किंवा शृंगार असा सेकंदाच्या हिशेबात मोजता येत नाही हे मान्य, पण कारण सांगण्याची शिस्त तरी या नियमाकडून घेता येईल की नाही?

ऐनवेळी काही थांबवण्याची वेळ येते, तेव्हाही उघडपणा राखता येतो. सप्टेंबर २००७ मध्ये 'स्कूल डेज' या मालिकेचा अखेरचा भाग प्रसारित व्हायचा होता. त्याच्या आदल्या दिवसांत क्योतो प्रांतात एका किशोरवयीन मुलीने वडिलांचा कुऱ्हाडीने खून केल्याची घटना घडली. मालिकेचा शेवटही रक्तरंजित असल्याने वाहिन्यांनी तो रोखला आणि त्या वेळात निसर्गदृश्ये दाखवली. त्यांतल्या एका बोटीच्या दृश्यावर कुणी तरी 'नाइस बोट' अशी टिप्पणी केली आणि ती ॲनिमेप्रेमींच्या जगात आजही म्हणीसारखी वापरली जाते. थट्टा झाली, रागही व्यक्त झाला, पण काय रोखले आणि का, हे प्रत्येकाला ठाऊक होते. भाग पुढे डिस्कवर आला. एका घटनेमुळे झालेला हा विलंब आणि चोरून केलेली काटछाट यांची प्रत वेगळी आहे.

चोरून केलेली काटछाट कशी असते, याचे नमुने ॲनिमेच्या निर्यातीच्या इतिहासात भरपूर सापडतात. 'ड्रॅगन बॉल झी' च्या १९९६ च्या इंग्रजी आवृत्तीत कुणी मरतच नसे, मेलेला योद्धा 'दुसऱ्या मितीत' पाठवला जाई. आकाशात यान फुटले की एक पात्र घाईघाईने सांगे, की मला त्यांच्या हवाई छत्र्या दिसताहेत. नरकातल्या राक्षसांच्या सदऱ्यांवरील 'हेल' या इंग्रजी शब्दाच्या दोन अक्षरांच्या रेघा खोडून त्याचे 'एचएफआयएल' केले गेले आणि त्याला एक विनोदी विस्तारही चिकटवला गेला. २००४ मध्ये 'वन पीस' अमेरिकेत आली तेव्हा सांजी नावाच्या आचाऱ्याच्या ओठांतली सिगारेट जाऊन तिथे गोळीची काडी आली. हे सारे एक वेळ हसण्यावारी नेता येईल. पण 'सेलर मून' मध्ये परस्परांवर प्रेम करणाऱ्या दोन तरुणींना इंग्रजी संवादांत चुलत बहिणी करण्यात आले. चित्रे मात्र तीच राहिली, त्यांतले कटाक्ष आणि हातात घेतलेले हात तसेच राहिले. परिणाम असा झाला, की ज्या गोष्टीने कुणी अवघडेल अशी भीती होती तिच्याऐवजी कितीतरी अधिक अवघडवणारी गोष्ट मुलांपुढे मांडली गेली. कात्री चालवणाऱ्याला नेहमी वाटते की आपण काहीतरी कमी करत आहोत. प्रत्यक्षात तो एक नवी कथा लिहीत असतो, फक्त तिच्यावर नाव दुसऱ्याचे असते.

दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या 'नौसिका' चे असेच झाले. १९८४ चा हा चित्रपट पुढच्याच वर्षी अमेरिकेत 'वॉरियर्स ऑफ द विंड' या नावाने निघाला आणि त्यातून वीस मिनिटांहून अधिक भाग गाळला गेला. माणूस व निसर्ग यांच्यातला संघर्ष हा ज्याचा प्राण, त्याची सरळसोट साहसकथा झाली. हा घाव मियाझाकी यांच्या घिब्ली स्टुडिओच्या इतका जिव्हारी लागला, की पुढे 'प्रिन्सेस मोनोनोके' परदेशी जाताना निर्माते तोशिओ सुझुकी यांनी अमेरिकी वितरकाला एक जपानी तलवार भेट दिली आणि काटछाट होणार नाही असा निरोप बजावला. तो चित्रपट तिथे न कापता 'पीजी-१३' मानांकनासह, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावधगिरीचा इशारा देऊन, प्रदर्शित झाला. माझ्या दृष्टीने या साऱ्या वादाचे उत्तर त्या एका उदाहरणात आहे. बाणाने उडणारे हात आणि मुंडकी कापून तो लहान मुलांना दाखवता आला असता, पण त्याऐवजी वय वाढवून तो सबंध दाखवला गेला. दुसऱ्या पत्रलेखकांना माझे सांगणे एवढेच, की मानांकन हे इथे कलाकृतीचे शत्रू नव्हते, तिची ढाल होती.

अर्थात ढालीचाही धंदा होतो. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये ॲनिमेच्या चित्रफिती विकणाऱ्यांच्या लक्षात आले, की डब्यावर '१५' किंवा '१८' असेल तर तरुण मुले ती अधिक हौसेने घेतात. मग मूळ संवादांत नसलेल्या शिव्या इंग्रजीत पेरल्या जाऊ लागल्या. या प्रकाराला 'फिफ्टीनिंग' असे नावही पडले. आम्हा भाषांतरकारांना यात हसू येते आणि वाईटही वाटते, कारण जपानीत शिव्यांचा साठा तसा मोजका असून उद्धटपणा बहुतांशी सर्वनामांतून आणि क्रियापदांच्या रूपांतून व्यक्त होतो. 'किसामा' म्हणजे 'तू'च, पण तो 'तू' तुच्छतेने फेकलेला. 'कुसो' चे शब्दशः भाषांतर 'विष्ठा', पण प्रसंगानुसार त्याचे 'छे!' होऊ शकते, 'मेलं!' होऊ शकते आणि अस्सल शिवीही होऊ शकते. एकाच दृश्याला एक भाषांतरकार सातव्या वर्षाचे ठेवू शकतो आणि दुसरा सोळाव्या वर्षाचे करू शकतो. मी तपासलेल्या एका मालिकेत, वितरकाचे नाव इथे लिहीत नाही, आम्ही सौम्य ठेवलेली वाक्ये परस्पर भडक केली गेली होती, तर आत्महत्येचा स्पष्ट उल्लेख 'निघून गेली' असा झाला होता. पहिल्याने वयाचा आकडा वर गेला असता आणि दुसऱ्याने पालकांना जे कळायला हवे तेच दडले. पडद्यावर याची एका ओळीचीही नोंद नव्हती. तेव्हा मूळ जपानी आवृत्तीचा आकडा डब केलेल्या आवृत्तीवर जसाच्या तसा चिकटवणे किंवा त्याच्या उलट करणे, दोन्ही चूक आहे.

सरकारी बंदीबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण तिच्यात बारकावे कमी असतात. चीनमध्ये चित्रपटांना वयाचे मानांकनच नाही, तेव्हा निर्णय 'चालेल' आणि 'चालणार नाही' एवढ्या दोनच कप्प्यांत बसतो. २०१५ मध्ये तिथल्या संस्कृती मंत्रालयाने 'अटॅक ऑन टायटन' आणि 'डेथ नोट' यांच्यासह ३८ ॲनिमे व मांगा काळ्या यादीत टाकले. रशियात जानेवारी २०२१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या न्यायालयाने 'डेथ नोट', 'टोकियो घोल' आणि 'इनुयाशिकी' यांच्या काही संकेतस्थळांवरील प्रसारणाला मनाई केली. सतरा वर्षांच्या मुलाला जे पाहता येईल ते त्याच्या सात वर्षांच्या बहिणीला दाखवू नये, एवढा साधा व्यवहार जिथे नियमात बसत नाही, तिथे मधला मार्ग उरत नाही.

एका बाबतीत मात्र माझेही मत कठोर आहे आणि ते इथे न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. बालवयीन दिसणाऱ्या पात्रांचे लैंगिक चित्रण ही ॲनिमेची जुनी आणि लाजिरवाणी बाजू आहे. 'हे पात्र दिसते लहान, पण कथेत त्याचे वय तीनशे वर्षे आहे' ही पळवाट सर्वांना पाठ झालेली आहे. जपानने २०१४ मध्ये बालकांच्या अश्लील चित्रणाचा निव्वळ ताबा हाही गुन्हा ठरवला, पण मांगा आणि ॲनिमे त्या तरतुदीबाहेर ठेवले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची वर्गीकरण मंडळे याच मुद्द्यावर काही कृतींना प्रमाणपत्रच नाकारतात. न्यूझीलंडमध्ये 'पुनी पुनी पोएमी' ही ॲनिमे कृती याच कारणाने नाकारली गेली. रेखाटलेल्या पात्राला प्रत्यक्ष इजा होत नाही, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि कायद्याच्या चर्चेत त्याला स्थान आहे हेही मान्य करतो. परंतु अशा दृश्याला '१८ वर्षांवरील' असा शिक्का मारून प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. इथे पाहणाऱ्याचे वय हा मुद्दाच नाही. आणि म्हणूनच नकाराचे कारण नेमके लिहिले गेले पाहिजे. ते लिहिले नाही, तर याच नकाराच्या आडोशाने उद्या दोन प्रौढ तरुणींच्या साध्या प्रेमकथेलाही दार बंद होते.

आज या साऱ्या यंत्रणेला सर्वांत मोठा धक्का बसला आहे तो इंटरनेटवरील प्रसारणाने, म्हणजे स्ट्रीमिंगने. जपानमध्ये भाग दाखवला गेल्यावर काही तासांत तो उपशीर्षकांसह जगभर उपलब्ध होतो, तेव्हा कोणतेही मंडळ प्रत्येक देशात बसून तो तपासणे शक्य नाही. मग मानांकन कंपनी स्वतःच देते. भारतातील २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी अशा मंचांना यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए असे पाच गट ठरवून दिले. १३ आणि त्यावरील गटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय आणि 'ए' साठी वयाची खातरजमा बंधनकारक केली. आशयाचे स्वरूप काय आहे, हे आरंभी सांगण्याची अपेक्षाही त्यातच आहे. ब्रिटनमध्ये नेटफ्लिक्सने तेथील मंडळाच्या निकषांनुसार स्वतः मानांकन देण्याची व्यवस्था स्वीकारली. व्यवस्था म्हणून मला हे पटते. दोष आहे तो वापरात. चोवीस भागांच्या मालिकेला सरसकट एकच आकडा दिला जातो, आणि ॲनिमेची खासियतच अशी की पहिले दहा भाग शाळेतल्या गमतीजमतींचे असतात आणि अकराव्यात अचानक कुणाचा तरी गळा चिरला जातो. आकडा सर्वांत कडक भागावरून द्यावा तर मालिका उगाच बदनाम होते, आणि सरासरीवरून द्यावा तर अकराव्या भागाला मूल एकटेच पडद्यासमोर असते. भागवार कारण लिहिणे एवढाच यावरचा उपाय आहे आणि त्याला खर्चही फारसा नाही, कारण उपशीर्षके लिहिणारा माणूस प्रत्येक भाग सेकंदासेकंदाने पाहतच असतो.

कंपनीच मानांकन देणार म्हटल्यावर कात्रीही तिच्याच हातात जाते. जानेवारी २०२० च्या अखेरीस 'इंटरस्पीशीज रिव्ह्यूअर्स' ही प्रौढांसाठीची मालिका इंटरनेटवर ॲनिमे दाखवणाऱ्या फनिमेशन या अमेरिकी कंपनीने आपल्या मानकांत बसत नाही म्हणून काही भागांनंतर मध्येच काढून टाकली. मालिका सवंग होती याबद्दल मला शंका नाही. पण ती प्रौढांसाठीची म्हणूनच घेतली होती, मग तीन भाग दाखवून झाल्यावर कोणते मानक आठवले? निदान तिथे काढल्याची घोषणा तरी झाली. एखादे दृश्य गुपचूप बदलले, एखादा भाग यादीतून नाहीसा झाला, तर प्रेक्षकाला दाद मागायला जागाच नसते, कारण आपल्याला काय दाखवले गेले नाही हेच त्याला ठाऊक नसते.

माझ्या भाच्याने त्या काळ्या गोळ्यांवर शेवटी काय केले, हेही सांगतो. टीव्ही बिघडलेला नाही हे कळल्यावर त्याने दहा मिनिटांत इंटरनेटवरून न झाकलेली आवृत्ती शोधून काढली. तिच्यावर ना आकडा होता, ना कुलूप, ना इशारा. 'यात शरीराची चिरफाड दाखवली आहे, म्हणून ही मालिका तुझ्या वयासाठी नाही' असे आरंभीच स्वच्छ लिहिलेले असते, तर मी त्याच्याशी त्यावर बोलू शकलो असतो. त्याने ऐकलेच असते असा दावा मी करत नाही, तो माझाच भाचा आहे.

तेव्हा माझी मागणी ॲनिमे प्रदर्शित करणाऱ्या आणि त्याला प्रमाणपत्र देणाऱ्या सर्वांकडे आहे. वयाच्या आकड्याशेजारी त्याचे कारण एका पूर्ण वाक्यात लिहावे आणि ते ज्या भाषेत डबिंग केले आहे त्याच भाषेत असावे. समोरची आवृत्ती संपूर्ण आहे की कापलेली, कापली असल्यास किती आणि कुणी, हे पहिल्या चौकटीत सांगावे. संवाद मुळापासून बदलले असतील तर त्याचाही उल्लेख असावा. यात नवा कायदा लागत नाही, बहुतेक ठिकाणी ही माहिती कचेरीतल्या कागदांवर आधीच असते, ती फक्त पडद्यापर्यंत येत नाही.

एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या चित्रपटविषयक स्तंभात नव्या चित्रपटाचे नाव, कालावधी आणि तारका छापल्या जातात. ॲनिमेपटाच्या बाबतीत तरी त्यांच्याबरोबर मानांकन आणि त्यामागचे कारण एका ओळीत छापता येईल का? तारकांची जागा थोडी कमी झाली तरी चालेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक